कौलावरची वाडी

आमच्या गावात माणूस मेला की तो एकाच वेळी निदान चार ठिकाणी राहायला जातो. तिठ्यावरच्या बॅनरवर तो ‘कैलासवासी’ होतो, म्हणजे मुक्काम हिमालयात. वर्षभरात भावकीत पोर जन्मलं आणि त्याच्या मानेवर तसाच तीळ निघाला, की ‘म्हातारो परत इलो’. देवखोलीत मूळपुरुषाच्या नावाने नारळ ठेवलेला असतो, त्या मूळपुरुषामागे उभ्या असलेल्या न दिसणाऱ्या रांगेत त्याचाही नंबर लागतो. आणि भाद्रपदाच्या काळोख्या पंधरवड्यात केळीच्या पानावरची वाडी, म्हणजे पितरांसाठी वाढलेलं जेवण, कौलांवर ठेवली की तो कावळा होऊन जेवायला येतो. कैलासातून येतो की त्या नव्या पोराच्या अंगातून उठून येतो, हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर आई म्हणते, “वाडी निवता. आधी ठेव, मगे इचार.”

गणपती गेले, चाकरमानी परतीच्या गाडीला लागले, की लगेच म्हाळ, म्हणजे पितृपक्षातली श्राद्धं, सुरू होतात. ज्या तिथीला माणूस गेला, त्या तिथीला त्याचा म्हाळ. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच. नवरा मागे ठेवून गेलेल्या बायकांची अविधवा नवमी. शस्त्राने, अपघाताने गेलेल्यांची चतुर्दशी. पंचांग नीट वाचलं तर कळतं की मेलेल्यांच्याही याद्या केलेल्या आहेत आणि त्या इथल्याच रजिस्टरवरून उतरवून घेतल्या आहेत. ही गोष्ट माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली. तोवर म्हाळ म्हणजे माझ्यासाठी वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूची भाजी, तांदळाची खीर आणि सगळ्यांत शेवटी जेवायला बसणाऱ्या बायका. खीर मात्र शेवटच्या पंगतीलाही पुरायची, एवढं आईचं कौतुक करायला हवं.

कॉलेजात गेल्यावर मी भटजींना गाठलं. पुनर्जन्म खरा असेल, तर आजोबा एव्हाना कुठेतरी दुसरीतिसरीत शिकत असतील. मग ही वाडी कोणासाठी? भटजी चिडतील असं वाटलं होतं. ते पानाला चुना लावत म्हणाले, “तुझा काका गिरगावात पोस्टात पैसे भरतो. तीच नोट पोस्टमन इथं आणून देतो का? नोट दुसरी, रक्कम तीच.” मनीऑर्डरवर चुली पेटणाऱ्या मुलखात याहून चोख उत्तर मिळणं कठीण होतं. आणि ते काही त्यांनी ऐनवेळी रचलेलं नव्हतं. मत्स्यपुराणात हेच सांगितलंय: बाप देव झाला असेल तर श्राद्धाचं अन्न त्याला अमृत होऊन पोचतं, पशू झाला असेल तर गवत होऊन, नाग झाला असेल तर वारा होऊन. म्हणजे माझी शंका मला सुचायच्या हजारेक वर्षं आधी कोणालातरी सुचली होती आणि तिची सोयही लावून ठेवलेली होती.

बाबांना ही मनीऑर्डर सांगितली तेव्हा ते खूश झाले. बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवत. त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली आणि चार्वाकांच्या नावावरचा श्लोक वाचून दाखवला. माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात ‘सर्वदर्शनसंग्रहा’त तो खोडून काढण्यासाठी म्हणून नोंदवला, आणि त्यामुळेच तो वाचला. मेलेल्याला इथून जेवण पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून देता? घरी बसून त्याच्या नावाने जेवा की, त्याचं पोट भरेल. त्याच वहीत जाबाली होता. अयोध्याकांडातला हा ब्राह्मण रामाला तोंडावर सांगतो की पितरांच्या नावाने लोक अन्नाची नासाडी करतात. मेलेला काय खाणार? राम संतापतो, जाबाली माघार घेतो. पण वाक्य रामायणात राहिलंच.

आणि कठोपनिषद. यमाच्या दारात बसलेला नचिकेत विचारतो की माणूस गेल्यावर काहीजण म्हणतात ‘आहे’, काहीजण म्हणतात ‘नाही’, यातलं खरं काय? यम आधी टाळाटाळ करतो. हत्ती माग, घोडे माग, सोनं माग, हे तेवढं विचारू नकोस; देवांनाही याबद्दल पूर्वी शंका होती, म्हणतो. बाबांना हे फार आवडायचं. मृत्यूच्या खात्याचा प्रमुखच जर म्हणतो की वरच्यांनाही नक्की माहीत नाही, तर आपण शाळेत या विषयाचे मार्क कसे कापायचे, असं ते म्हणत. पुढे यम उत्तर देतो आणि ते उत्तर मोठं आहे, पण बाबांची वही तिथे संपायची.

शंका घेणं ही इंग्रजी शाळेतून आलेली फॅशन आहे असं आमच्याकडे अजूनही ऐकवलं जातं. ऐकवणारे ज्या परंपरेचं नाव घेतात, तिच्या ग्रंथांत शंकेला पाट मांडून बसवलंय. तरीही मला भटजींचं उत्तर चार्वाकाच्या प्रश्नाइतकंच आवडतं. दोघांनाही भूक कळत होती.

तर हे झालं पुस्तकातलं. गावात खरा वाद ‘आहे की नाही’ असा कधी होतच नाही.

बाबांचा मृत्यूनंतरच्या कशावरच विश्वास नव्हता, पण गावराखणीला ते दरवर्षी जात. सीमेवर राखणदाराला, म्हणजे देवचाराला, कोंबडा, नारळ, विडी, दारू. गुरव गाऱ्हाणं घालायचा, “बा देवा म्हाराजा…” आणि सगळे एका सुरात, “होय म्हाराजा!” त्या ‘होय म्हाराजा’त विज्ञानाच्या मास्तरांचाही आवाज असे. मी एकदा टोकलं तेव्हा ते म्हणाले की देवचार असो नसो, वर्गणी न देणारा मात्र सगळ्या गावाला दिसतो.

इथे माझ्या मते खरी गोम आहे. आमच्या किनाऱ्यावर मेलेल्यांबद्दल जे जे मानलं जातं, त्याचा निम्मा भाग आत्म्याबद्दल आहे आणि निम्मा हक्काबद्दल. कोणाचं कोणाकडे काय देणं राहिलं, कोणाला मान मिळाला, कोणाचा बुडाला.

भुतांचंच घ्या. कोकणातल्या भुतांवर यूट्यूबवाल्यांनी सध्या जो धंदा मांडलाय तो बघून हसू येतं, कारण त्यांना भुतं घाबरवण्यापुरतीच हवी असतात. जुनी यादी नीट वाचली तर भीती कमी वाटते आणि लाज जास्त. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेला, खाडीकाठी रात्री माणसाला चुकवून पाण्यात नेणारा. समंध म्हणजे वारस नसलेला, पुरलेल्या धनावर बसलेला. लावसट ही विधवेची. हडळ ही बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेल्या बाईची. ज्या मुलखात डॉक्टर तालुक्याला आणि तालुका होडीपलीकडे होता, तिथे अशा किती बायका गेल्या असतील आणि मग त्यांनाच घाबरून पोरांच्या उशाशी कोयता ठेवला गेला असेल. जिच्यासाठी काही करता आलं नाही, तीच रात्री दार वाजवते अशी गावाची समजूत. दाराआड बसलेल्यांना आपण काय केलं नाही हे पक्कं ठाऊक असणार.

ही यादी छापील स्वरूपात राहिली त्याची कथा विचित्र आहे. ए. एम. टी. जॅक्सन हा इंग्रज अधिकारी संस्कृत जाणणारा होता. त्याने प्रश्नावल्या काढून कोकणातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती लिहून मागवली. भुतं किती प्रकारची, कुठल्या झाडावर कोण, कावळा शिवला नाही तर काय करतात. गावोगावच्या मास्तरांनी इमानेइतबारे उत्तरं पाठवली. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या तरुणाने जॅक्सनला गोळ्या घातल्या. कान्हेरे मूळचा खेड तालुक्यातला, म्हणजे कोकणातलाच. टिपणं मागे राहिली. एंथोवेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती 1915 मध्ये छापून काढली. त्या मास्तरांपैकी एखाद्याने तरी, आमच्या बाबांसारखं, स्वतः काडीचा विश्वास नसताना नीटनेटक्या अक्षरात ‘भुतांचे प्रकार’ लिहून पाठवले असतील, असं मला नेहमी वाटतं.

सगळ्या भुतांचा धनी वेताळ. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला तो वेतोबा होऊन गावाची राखण करतो. नवसाला त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो त्या घालून गावाभोवती फिरतो आणि तळ झिजतात, असं सांगतात. मला हा देव आवडतो. मरणानंतरच्या जगाचा प्रमुख असूनही त्याला रोजची गस्त चुकत नाही.

एक हिशेब मात्र शास्त्रानेच घालून दिलाय. श्राद्धात पिंड तीन पिढ्यांना: बाप, आजा, पणजा. बाप वसुरूप, आजा रुद्ररूप, पणजा आदित्यरूप. त्यामागचे लोक पिंडाच्या हाताला लागून राहिलेल्या लेपाचे धनी. म्हणजे पणजोबांपर्यंत नाव, त्यापुढे हात पुसताना जे उरेल ते. बॅनरवर अमर केलेला माणूस प्रत्यक्षात तीन पिढ्या टिकतो, आणि हे चार्वाकाने सांगितलेलं नाही, श्राद्ध सांगणाऱ्यांनीच सांगितलंय. माझ्या पणजोबांचं नाव मला येतं. पणजीचं विचारावं लागलं.

आमच्या गावातल्या बौद्धवाडीत म्हाळ नसतो. ऑक्टोबर 1956 मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत स्पष्ट आहे: मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं, आणि 1927 चं चवदार तळं महाडचं. त्यामुळे ही कोकणाबाहेरून आलेली गोष्ट नव्हे. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी भाद्रपदात आमच्या घरचे वडे खायची नाही. तेव्हा मला तो हट्ट वाटे. जिवंत माणसाला तळ्याचं पाणी नाकारणाऱ्यांनी, मेल्यावर तुझ्या पितरांना तीळ-पाणी दे, नाहीतर ते तहानलेले राहतील, असं सांगावं! ते ऐकून ज्यांनी त्या सगळ्या परलोकालाच नकार दिला, त्यांचा नकार मला आता या विषयावरच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा स्वच्छ वाटतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेब पुनर्जन्माचा प्रश्न टाळत नाहीत. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो हे ते नाकारतात. देह ज्या महाभूतांचा बनलाय ती नष्ट होत नाहीत, निसर्गातल्या आपापल्या साठ्यात जाऊन मिळतात, असा त्यांचा अर्थ आहे. माझी ती मैत्रीण आता शिक्षिका आहे. वडील गेले तेव्हा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्रिसरण-पंचशील झालं, शाळेला पुस्तकं दिली. “कावळ्याची वाट बघायची नाही, एवढं एक तरी सुख,” ती म्हणाली.

पण स्मशान? ते आमच्याकडे अजून वेगवेगळं आहे. या समाजाचं ओढ्यापलीकडे, त्या समाजाचं खाडीच्या तोंडाला. मेल्यावर सगळे सारखे, हे वाक्य आमच्या गावात बोलायचं असेल तर नकाशा बघून बोलावं.

मोहल्ल्यातली माझी दुसरी मैत्रीण. तिच्याकडे माणूस सकाळी गेला तर संध्याकाळपर्यंत दफन. उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे म्हणजे मक्केच्या दिशेला, आणि येणाऱ्या प्रत्येकाने तीन मुठी माती. त्यानंतर मुन्कर आणि नकीर हे दोन फरिश्ते येऊन प्रश्न विचारतात, आणि मग कयामतपर्यंत बर्झख, म्हणजे मधली अवस्था. “तुमचा माणूस सारखा ये-जा करतो, आमचा एका जागी थांबतो,” असं ती गमतीने म्हणायची. बाहेरून मला वाटायचं की तिथे सगळं एका वाक्यात ठरलेलं असणार. तिचे वडील गेल्यावर कळलं की तसं काही नाही. एक भाऊ म्हणाला चाळीसावा घालायचा, फातिहा द्यायची, अब्बांनी आयुष्यभर दिली. आखातातून आलेला दुसरा म्हणाला हे शरियतमध्ये नाही, पैसे मदरशाला द्या. दोघेही शाफई, म्हणजे एकाच न्यायपंथाचे, दोघांची मशीद एक, बाप एक. शेवटी आईने बिर्याणी शिजवली आणि ‘हे जेवण आहे, नाव काही देऊ नका’ असं जाहीर केलं. दोघे जेवले. शब-ए-बरातला दोघे कबरस्तानात गेले, वेगवेगळ्या वेळी.

सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते एकच सांगत नाहीत. अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, जुनी दफनभूमी आहे. गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या त्यांच्या पूर्वजांना तिथे पुरलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. तेल गाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ मराठी बोलत इथे शतकानुशतकं राहिले. बरेचसे 1948 नंतर इस्रायलला गेले. त्यांच्यात मृतासाठी म्हणतात त्या कद्दिश प्रार्थनेत मरणाचा उल्लेखच नाही, सगळी ईश्वराची स्तुती. पुनर्जन्म मानणारा, कयामतची वाट बघणारा, आत्मा नाकारणारा, आणि मेलेल्याचं नाव न घेता देवाची स्तुती करणारा: हे चौघे एका एस.टी.त बसतील, पण एका उत्तरात बसणार नाहीत. त्यांना जबरदस्तीने बसवण्यात मला आदर दिसत नाही, आळस दिसतो.

जिथे सगळ्यांचीच उत्तरं अडखळतात ती जागा म्हणजे समुद्र. प्रेतच मिळालं नाही तर? 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. स्वातंत्र्याला महिना राहिलेला. सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून जमतील तेवढे वाचवले. पुढे किनाऱ्यावर लागलेली प्रेतं ओळखायची आणि न लागलेल्यांची वाट बघायची, हे काम घराघरांत राहिलं. अलीकडे तळियेला आणि इर्शाळवाडीला दरड कोसळली तेव्हाही शोध थांबवावा लागला आणि काही माणसं मातीखालीच राहिली.

अशा वेळेसाठी शास्त्रात पालाशविधी आहे. पळसाची 360 पानं मांडून माणसाची आकृती करायची, डोक्याच्या जागी नारळ, आणि तिलाच अग्नी द्यायचा. मी हा विधी एकदाच पाहिलाय. विश्वास नसलेल्या माणसालाही त्या पानांकडे बघवत नाही, कारण पानं मोजताना मोजणाऱ्याचे हात थरथरतात.

आणि जिने तो विधी करू दिला नाही अशी एक बाईही मला माहीत आहे. आमच्या बंदरावरची. नवरा पारध करायला, म्हणजे मासेमारीला गेला, होडी वादळात अडकली, तो परत आला नाही. सासरचे म्हणत होते क्रिया करू, त्याला गती मिळू दे. ती म्हणाली, क्रिया केली म्हणजे मी त्याला मारलं. घाडीकडे, म्हणजे देवाला विचारून सांगणाऱ्याकडे, कौल लावला, त्याने ‘वाट बघ’ म्हणून सांगितलं. घाडी शहाणा होता. कायद्याने सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला मेलेला धरता येतं. होडीचं लायसन, बँकेतले पैसे, डिझेलचा परतावा, सगळं त्या सात वर्षांत अडकून पडलं. मुदत भरल्यावर तिने कोर्टाच्या कागदावर अंगठा दिला. कपाळाचं कुंकू मात्र पुसलं नाही. कोर्टात मेला, घरात नाही. गावाने सुरुवातीला नावं ठेवली, मग सवय करून घेतली. त्या बाईला परलोक आहे की नाही हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि विचारलं असतं तर तिला तो प्रश्न परीक्षेतला वाटला असता.

बाबा आषाढात गेले. त्यांना देहदान करायचं होतं. तेव्हा आमच्या जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, घाटात दरड पडलेली, पाऊस कौलं फोडत होता. मग सरणच. पत्र्याच्या शेडखाली आंब्याची लाकडं, निम्मी ओली. पुरुषमंडळी राळ टाकून, पुठ्ठे घालून झगडत होती. अग्नी चुलतभावाने दिला. बाबांना मुलगा नाही, मी एकटी. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही येईना. पाऊस असला की कावळे येत नाहीत, हे विज्ञानाच्या मास्तरांनीच कोणाला तरी कधीतरी शिकवलं असणार. मग लोक एकेक करून शब्द देऊ लागले. कलमाची बाग विकणार नाय. म्हातारीक बघतलो. बाबांचा एक जुना विद्यार्थी पुढे होऊन म्हणाला, “मास्तरांनू, शाळेचो यंदाचो निकाल शंभर टक्के लावतलो!” हसावं की रडावं कळेना. तरीही नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. परतताना एकजण म्हणाला, “मास्तराचो इस्वासच नव्हतो, कावळो कित्याक येतलो?”

माझ्या गावाचा मला हेवा वाटावा असा तो क्षण होता. न मानणाऱ्यालाही त्यांनी आपल्या मानण्यात जागा करून दिली. मेल्यानंतरसुद्धा मास्तर आपल्या मतावर ठाम राहिले, असा त्याचा गावकी अर्थ.

आता माझा प्रश्न. आई ऐंशीच्या पुढे आहे. ओरोसला आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, मी माझा देहदानाचा फॉर्म भरला. आईने त्यावर साक्षीदार म्हणून सही केली, कुरकुर न करता. मग म्हणाली, “तुझा तू बघ. माझा मात्र सगळा व्हया. सरण, दहावो, बारावो, म्हाळ. आणि तूच करूक व्हया.”

मी म्हटलं, माझा यावर विश्वास नाही हे तुला माहीत आहे.

“ठावक आसा. म्हणानच. तुझो चुलतभाव करतलो तो लोकांका दाखवूक करतलो.”

हे ऐकून मी गप्प बसले आणि मग पुस्तकं काढली, कारण बाबांची मुलगी आहे. ‘धर्मसिंधु’ 1790 मध्ये काशीनाथ उपाध्याय यांनी लिहिला. त्यांचं घराणं संगमेश्वराजवळच्या गोळवलीचं. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राच्या श्राद्धांचे नियम एका कोकणी घराण्यातल्या माणसाने लावून दिले आहेत. त्यात अधिकार कोणाचा याची लांबलचक यादी आहे, मुलगे-नातू यांच्यापासून सुरू होणारी. त्या यादीत पत्नीही आहे आणि मुलगीही आहे. म्हणजे आमच्याकडे ‘मुलीला अधिकार नाही’ म्हणून जे ठासून सांगितलं जातं, ते ग्रंथापेक्षा अंगणात जास्त ठरलंय.

चुलतभावाला फोन केला. तो वाईट माणूस नाही. बाबांच्या वेळी त्या पावसात तीन तास तोच उभा होता. माझं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सातबाऱ्यार नाव इला तुझा. आता पिंडाकय हात लावतलंस?”

हसत म्हणाला, पण अर्धंच. 2005 च्या कायद्याने मुलीला वाटा दिला तेव्हा घराण्यात जी धुसफूस झाली होती तिचं उरलेलं अर्धं त्या वाक्यात होतं. त्याला वाटतं की पिंड देणारा तो घराचा धनी. माझा पिंडावर विश्वास नाही आणि तरी तो देण्याचा हक्क मला हवाय, यातली विसंगती त्याला लगेच दिसली आणि त्याने ती बोलूनही दाखवली. मला ती तितकीशी विसंगती वाटत नाही. वाडीवर विश्वास नसताना मी ती तीस वर्षं रांधतेच आहे. तेव्हा कोणी माझा विश्वास तपासला नव्हता.

यंदा तो म्हाळाला मुंबईहून येणार आहे. आईसमोर बसून बोलू म्हणाला. भटजी आता जुन्यांचे चिरंजीव आहेत, मोटारसायकलवरून येतात, दक्षिणा फोनवरून घेतात. त्यांना मी आधीच विचारून ठेवलं की मुलीने केलं तर तुम्ही मंत्र सांगाल का. ते म्हणाले, “सांगेन की. पण आधी तुमचं तुम्ही ठरवा, आणि पंधरवड्यात दुपारची वेळ मागू नका, सगळ्या बुक झाल्या आहेत.”